बारवा आणि शिलालेखांच्या नोंदींसाठी कॅमेरा : व्यावसायिक मिररलेस की रग्ड कॉम्पॅक्ट?

भीमाकाठ :

नमस्कार मंडळी. आम्ही तिघे मित्र सोलापूर जिल्ह्यातील जुन्या बारवा, आड, तलावांचे बांध आणि देवळांतील शिलालेख यांच्या छायाचित्रांसह नोंदी करत आहोत. प्रत्येक ठिकाणी एक परिसराचे चित्र, पायऱ्या व कोनाड्यांची मापासह चित्रे आणि कोरीव काम असेल तर त्याचे जवळून घेतलेले चित्र, असा आमचा क्रम असतो. प्रवास मोटारसायकलने होतो. उन्हाळ्यात रस्त्यावरची धूळ आणि 42 अंशांच्या पुढचे ऊन असते. पावसाळ्यात बारवेच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि पाण्याच्या पातळीपर्यंत उतरताना एक हात भिंतीला लावूनच चालावे लागते.

आतापर्यंत हे सगळे फोनवर भागवले. फोन उन्हात तापला की पडदा मंद होतो आणि गाभाऱ्याच्या अंधारात घेतलेली अक्षरे कागदावर मोठी केली की पुसट होतात. दीड लाखापर्यंत खर्चाची आमची तयारी आहे. एक मार्ग असा की, एक पिढी जुनी फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरची, आत आरसा नसलेली, लेन्स बदलता येणारी) बॉडी आणि 24 ते 105 मिमीची एकच झूम लेन्स घ्यावी. दुसरा मार्ग असा की, ओएम सिस्टिमचा टफ टीजी-7 हा रग्ड कॉम्पॅक्ट, म्हणजे पाणी आणि धक्के सोसणारा लहान कॅमेरा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत चांगला ट्रायपॉड, दोन टॉर्च आणि हार्ड डिस्क घ्यावी. ज्यांनी धूळ, ऊन आणि पाणी या तिन्हींत कॅमेरा वापरला आहे त्यांनी कृपया मत द्यावे.

ताणाबाणा :

मी अक्कलकोट रोडवरील यंत्रमाग कारखान्यांत छायाचित्रे काढतो, म्हणून अंधार आणि कचरा या दोन्हींचा अनुभव आहे. माझे मत स्पष्टपणे मिररलेसच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या आकारात आहे. फुल फ्रेम सेन्सर 36 × 24 मिमीचा, म्हणजे 864 चौरस मिमी असतो. टीजी-7 मध्ये असतो तो 1/2.33 इंची सेन्सर सुमारे 6.2 × 4.6 मिमीचा, म्हणजे साधारण 28 चौरस मिमी. अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) आणि शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) सारखेच ठेवले तर मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश तीसपट पडतो, म्हणजे जवळपास पाच स्टॉपचा फरक झाला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). गाभाऱ्यात हा फरक कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही.

आता धुळीविषयी. मागाच्या शेडमध्ये कापसाचे तंतू हवेत सतत तरंगत असतात. धोट्याच्या बाजूला दहा मिनिटे उभे राहिले की झूम रिंगच्या खाचेत पांढरी लव साठलेली दिसते. ती आधी मऊ ब्रशने बाहेरच्या बाजूला काढायची, मग हवेच्या फुग्याने फुंकायची. उलट क्रमाने केले तर तीच लव आत ढकलली जाते. लेन्स मी शेडमध्ये कधीही बदलत नाही. मिररलेसमध्ये सेन्सरच्या पुढे आरसा नसल्यामुळे लेन्स काढताच तो उघडा पडतो. काही मॉडेलांत कॅमेरा बंद केल्यावर शटर पडद्यासारखे मिटून राहण्याची सोय असते, ती आहे का हे घेताना जरूर पाहावे. तुम्ही एकच लेन्स घेणार आहात, तेव्हा तुमचा अर्धा धोका तिथेच टळतो.

भूजल :

ताणाबाणा यांचा प्रकाशाचा हिशेब बरोबर आहे, पण त्यांचे काम जमिनीवर चालते. माझे काम विहिरींत असते. पाणीपातळीच्या सर्वेक्षणासाठी मी कित्येक वर्षे टफ मालिकेतला आधीचा टीजी-6 वापरत आहे. 15 मीटर खोल पाणी, 2.1 मीटर उंचीवरून पडणे आणि 100 किलोचा भार सोसण्याची क्षमता निर्मात्याने दिली आहे. काळ्या मातीचा चिखल लागला की मी तो थेट नळाखाली धुतो. विहिरीच्या कडेला बसून फडक्याने लेन्स पुसत बसण्याची वेळ येत नाही.

नोंदींच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे कॅमेऱ्यातच जीपीएस आहे. चित्राबरोबर अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांना त्यासाठी फोनशी जोडून ठेवावे लागते आणि ती जोडणी नेमकी गरजेच्या वेळी तुटते. दुसरी म्हणजे मायक्रोस्कोप मोड. लेन्सपासून अवघ्या एक सेंटिमीटरवरचा विषय स्पष्ट टिपता येतो. चिऱ्यावरचे छिन्नीचे घाव, सांध्यातला चुना, दगडावर चढलेले दगडफूल हे सगळे वेगळी मॅक्रो लेन्स न घेता मिळते.

काळजी एकच घ्यायची आहे. बॅटरीच्या झाकणाभोवतीच्या रबरी कडीवर वाळूचा एक कण किंवा एक केस राहिला तरी पाणी आत शिरते. झाकण विहिरीत उघडायचे नाही. वर येऊन, हात कोरडे करून उघडायचे, कडी बोटाने चाचपायची आणि मगच मिटायचे. हे रबर दरवर्षी बदलून घ्यावे अशी निर्मात्याचीच सूचना आहे.

माळरानी :

मी नान्नजच्या माळरानावर काळवीट आणि पक्ष्यांची छायाचित्रे घेतो. तिथे रग्ड कॉम्पॅक्टचा उपयोग होत नाही, कारण त्याची लेन्स 25 ते 100 मिमीइतकीच पोहोचते आणि पक्ष्याच्या जवळ जाणे योग्य नव्हे. तुमचा विषय मात्र हलत नाही आणि पळूनही जात नाही, म्हणून माझ्या निवडीवरून तुम्ही निष्कर्ष काढू नये. उन्हाबद्दल एक सुचवतो. कॅमेरा काळा असतो आणि गाडीच्या टाकीवरच्या पिशवीत तो फार तापतो. पांढरा सुती पंचा ओला करून घट्ट पिळावा, पिशवीभोवती गुंडाळावा आणि पिशवी पाठीवर घ्यावी.

भिंग_दुरुस्ती :

माळरानी यांनी उन्हाचा विषय काढला म्हणून लिहितो, कारण या निवडीत तो मुद्दा नेहमी सुटतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा 40 अंशांपर्यंतच दिलेली असते, मग तो दोन लाखांचा असो की पन्नास हजारांचा. रग्ड कॅमेऱ्यावर उणे 10 अंशांत चालण्याची हमी ठळकपणे छापलेली असते. सोलापुरात तिचा काहीच उपयोग नाही. आपल्याला लागते ती वरच्या बाजूची सवलत आणि ती दोघांपैकी कोणीही देत नाही. उलट रग्ड कॅमेऱ्याची बॉडी लहान आणि पूर्ण बंद असल्यामुळे आतली उष्णता बाहेर पडायला वाट कमी असते. लांब व्हिडिओ घेताना हे प्रकर्षाने जाणवते.

दुरुस्तीच्या बाजूने पाहिले तर मिररलेसचे शटर, माउंट, डायल हे भाग बदलता येतात. रग्ड कॅमेऱ्यात एकदा पाणी शिरले की बोर्ड गंजतो आणि तो उघडून जोडला तरी आधीसारखा जलरोधक राहील याची खात्री साधा कारागीर देऊ शकत नाही. आपली हवा कोकणापेक्षा कोरडी आहे, त्यामुळे लेन्सवर बुरशी कमी धरते. तरी जून ते ऑक्टोबर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राखावा.

तिरपा_उजेड :

मला ताणाबाणा यांच्या हिशेबात एक गोष्ट जोडायची आहे. ‘अॅपर्चर सारखेच ठेवले तर’ हे त्यांचे गृहीतक इथे लागू होत नाही. टीजी-7 ची लेन्स रुंद बाजूला एफ/2 पर्यंत उघडते (एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे). 24 ते 105 मिमीची झूम लेन्स सहसा एफ/4 असते. म्हणजे पाच स्टॉपपैकी दोन लेन्समध्येच गेले आणि तीन उरले. शिवाय लहान सेन्सरवर एफ/2 ला जितकी खोली स्पष्ट मिळते तितकी मिळवण्यासाठी फुल फ्रेमवर एफ/11 लावावे लागते. कोरीव पट्टीची पुढची कड आणि मागचा खड्डा दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर उरलेला फायदाही तिथेच संपतो.

शिलालेख मुळात उजेडाच्या प्रमाणावर वाचला जात नाही, उजेडाच्या दिशेवर वाचला जातो. समोरून फ्लॅश मारला की अक्षरांच्या खोबणीतली सावली नाहीशी होते आणि दगड सपाट दिसतो. टॉर्च दगडाच्या पृष्ठाला जवळपास चिकटून, दहा ते वीस अंशांच्या कोनात धरावी आणि डाव्या, उजव्या, वरच्या व खालच्या बाजूने एकेक चित्र घ्यावे. उभे दंड डाव्या-उजव्या उजेडात उठून येतात, आडव्या रेषा वरच्या उजेडात. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100 असेल, तर लहान सेन्सरही समाधानकारक काम देतो.

तरीही टीजी-7 ची एक खरी मर्यादा सांगितली पाहिजे. त्यात पूर्ण मॅन्युअल मोड नाही. अॅपर्चर निवडता येते, शटरचा वेग आपण ठरवू शकत नाही. चारही चित्रांत प्रकाशमान सारखे ठेवायचे असते, तेव्हा ही उणीव खटकते.

सीनाकाठ :

भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथील शिलालेख तुमच्या यादीत असेलच. शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा हा मराठी लेख आपल्या जिल्ह्यात आहे आणि तो पाहायला येणाऱ्यांची वर्दळ वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अशा ठिकाणी अक्षरे उठून दिसावीत म्हणून काही जण खडू, पीठ किंवा रंग चोळतात, पाणी ओततात. कृपया हे कोणीही करू नये. दगडाच्या खोबणीत बसलेला खडू निघत नाही आणि तो काढायला घासले की कोरीव कडच झिजते. तिरपा_उजेड यांनी सांगितलेली रीत दगडाला हातही न लावता तेच काम करते.

दुसरी गोष्ट म्हणजे, संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावण्यासाठी आधी परवानगी विचारून घ्यावी. ती मिळाली नाही तर हातातच कॅमेरा धरावा लागतो आणि मग बॉडीतच स्थिरीकरण असलेला मोठ्या सेन्सरचा कॅमेरा फारच सोयीचा पडतो. ट्रायपॉड गृहीत धरून रग्डच्या बाजूने निर्णय घेताना याचा विचार व्हावा.

होटगी_रोड :

तुमच्या नोंदींत माणसे येणार आहेत का, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो. सिद्धेश्वर यात्रेत रात्री नंदीध्वज निघतात तेव्हा पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, वर विजेचे दिवे आणि मागे काळोख असे दृश्य असते. तिथे ट्रायपॉड लावता येत नाही आणि ध्वज थांबून राहत नाही. 1/125 सेकंदाच्या खाली गेले की चेहरे हलतात. अशा ठिकाणी ताणाबाणा यांचा हिशेब शब्दशः खरा ठरतो.

‘वेदर सील्ड’ या शब्दांवरही विसंबू नये. बहुतेक निर्माते ते लिहितात, पण आकडा देत नाहीत. ओएम-1 सारख्या मोजक्या कॅमेऱ्यांना आयपी53 असे मानांकन असते. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. 53 म्हणजे धूळ बऱ्याच अंशी रोखली जाते आणि पावसाचे शिंतोडे चालतात, तेही त्याच तोडीची लेन्स लावली असेल तरच. पाण्यात बुडवणे त्यात येत नाही. बाळे येथील खंडोबाच्या यात्रेत उधळला जाणारा भंडारा तर धुळीपेक्षा बारीक असतो. तिथे मी कॅमेऱ्यावर पारदर्शक प्लास्टिकचे आवरण घालूनच शिरतो.

पायरी :

वर सगळी चर्चा चित्राच्या दर्जावर झाली आहे, मला वजनाबद्दल बोलायचे आहे. फुल फ्रेम बॉडी आणि 24 ते 105 ची लेन्स मिळून सव्वा किलोच्या आसपास जाते. टीजी-7 पाव किलोचा आहे. बारवेच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात, कठडा नसतो आणि खाली वाकताना गळ्यातला जड कॅमेरा पुढे झुलून चिऱ्यावर आपटतो. तो सावरायला भिंतीवरचा हात सुटला तर माणूसच पाण्यात जातो. मी स्वतः साडी नेसून उतरते, तेव्हा कॅमेरा मनगटाच्या पट्ट्याला अडकवलेला असतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. कुणी उतरायचे असेल तर आधी वर एक माणूस थांबवावा आणि मगच उतरावे. कॅमेऱ्याचा निर्णय करताना उतरणाऱ्याचा तोल पहिल्या क्रमांकावर ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नवा_सदस्य :

जलरोधक फोन घेऊन हेच काम होणार नाही का?

तिरपा_उजेड :

परिसराच्या चित्रासाठी नक्की होईल. शिलालेखासाठी मी सुचवणार नाही. फोन स्वतःहून चित्रातला खरखरीतपणा पुसतो आणि कडा धारदार करतो. झिजलेल्या दगडावर त्यामुळे नसलेली रेघ तयार होऊ शकते किंवा असलेली नाहीशी होऊ शकते. वाचनासाठी रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल हवी आणि ती टीजी-7 मध्येही मिळते.

किती पिक्सेल लागतात याचाही हिशेब करून ठेवावा. टीजी-7 चे चित्र 4000 पिक्सेल रुंद असते. दोन मीटर लांबीचा लेख एका चौकटीत घेतला तर प्रत्येक मिलिमीटरला दोन पिक्सेल येतात. तीन मिमी रुंदीच्या अक्षररेषेला सहा पिक्सेल मिळाले, इतके वाचायला पुरते, पण झिजलेल्या जागी कमी पडते. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात 6000 पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला तीन. फरक आहे, पण लेखाचे चार भाग करून एकमेकांवर थोडे चढतील असे घेतले तर दोन्ही कॅमेरे या बाबतीत पुरेसे ठरतात.

भीमाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. होटगी_रोड यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, यात्रा आमच्या नोंदींत नाहीत. माणूस येतो तो मापासाठी पायरीवर उभा राहिलेला. पायरी यांचा मुद्दा आम्हा तिघांनाही पटला, कारण पावसाळ्यात उतरणारा बहुतेक वेळा मीच असतो.

चर्चा वाचताना आमच्या लक्षात आले की आमची दोन कामे वेगवेगळ्या रीतीने घडतात. बारव अचानक सापडते. एखाद्या गावात चहाला थांबलो की कुणीतरी म्हणते, ‘आमच्या मळ्यात पण एक आहे’, आणि आम्ही तसेच निघतो. शिलालेख मात्र आधी ठाऊक असतो. त्यासाठी दिवस ठरवून, परवानगी घेऊन जाता येते. म्हणून रग्ड कॅमेरा विकत घ्यावा आणि शिलालेखांच्या दिवसांपुरता मिररलेस भाड्याने आणावा, असा विचार पक्का होत आहे. शहरात लग्नाचे फोटो काढणारे व्यावसायिक दिवसाच्या भाड्याने बॉडी आणि लेन्स देतात.

ताणाबाणा :

कल्पना योग्य आहे, फक्त लग्नसराईत कॅमेरा मिळणार नाही हे ध्यानात ठेवावे. मुहूर्ताच्या तारखांना शहरातली प्रत्येक बॉडी बाहेर असते. पौषात लग्ने नसतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत हवा तो कॅमेरा मिळतो आणि हवाही थंड असते. शिवाय दरवेळी वेगळा कॅमेरा हाती येणार, म्हणून प्रत्येक चित्रमालिकेच्या आरंभी रंगपट्टी आणि मापपट्टी ठेवून एक चित्र घ्या. नाहीतर दगडाचा रंग प्रत्येक भेटीत वेगळा दिसेल.

तिरपा_उजेड :

पौष गाभाऱ्यातल्या लेखांसाठी उत्तम. उघड्यावरच्या उभ्या भिंतीवरील लेखांसाठी मात्र मे महिन्याचा दुसरा आठवडा सोडू नका. त्या सुमारास सोलापुरात शून्य सावली दिवस येतो. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की ऊन उभ्या दगडाला वरून खाली घासून जाते आणि आडव्या रेषा टॉर्चशिवाय उठून दिसतात. ही स्थिती जेमतेम अर्धा तास टिकते. त्या वेळी कॅमेरा 40 अंशांच्या मर्यादेपलीकडेच असणार, म्हणून भिंग_दुरुस्ती यांनी उन्हाविषयी लिहिलेले लक्षात ठेवून तो सावलीत ठेवा आणि सूर्य जागेवर आला की मगच बाहेर काढा.

भिंग_दुरुस्ती :

भाड्याचा कॅमेरा घेताना दुकानातच एक तपासणी करावी. लेन्सचे अॅपर्चर एफ/16 वर ठेवून पांढऱ्या भिंतीचे थोडे अस्पष्ट चित्र घ्यावे आणि ते पडद्यावर मोठे करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावे. सेन्सरवर धूळ असेल तर करडे ठिपके दिसतात. लग्नाच्या चित्रांत असे ठिपके कुणाच्या लक्षात येत नाहीत, पण शिलालेखाच्या चित्रात ठिपका अक्षराच्या डोक्यावर बसला की वाचणारा त्याला अनुस्वार समजतो. ठिपके दिसले तर सेन्सर साफ करून मागावा किंवा दुसरी बॉडी घ्यावी, आणि ते पांढऱ्या भिंतीचे चित्र त्या दिवसाच्या फाइलींबरोबर जपून ठेवावे.